खुब्याचा सांधा बदलताना : शस्त्रक्रियेच्या आधीचे आणि नंतरचे दिवस

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात अस्थिरोग विभागातर्फे देण्यात आलेल्या व्याख्यानाचा संकलित मजकूर)



वार्षिक मेळाव्यात एखाद्या विभागाने आपल्या कामाचा परिचय करून द्यावा, अशी आपल्या संस्थेची प्रथा आहे. यंदा ती संधी अस्थिरोग विभागास मिळाली, याबद्दल मी विश्वस्तांचा ऋणी आहे. विभागाच्या वर्षभराच्या कामाचा आढावा अहवालाच्या तक्त्यांत आलेलाच आहे, त्यामुळे त्याची पुनरुक्ती करीत नाही. मी आज एकाच शस्त्रक्रियेविषयी बोलणार आहे, ती म्हणजे खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया. तीत शस्त्रक्रियागृहाच्या आत काय घडते, हे मी थोडक्यात सांगेन. ते काम दीड-दोन तासांत आटोपते. तिचे यश बऱ्याच अंशी आधीच्या महिना-दीड महिन्यात आणि नंतरच्या तीन महिन्यांत ठरते. त्या काळात रुग्ण आपल्या घरी, आपल्या माणसांत असतो, म्हणून हे बोलणे मुख्यतः नातेवाइकांशी आहे.

खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत फिरणारा चेंडू. मांडीच्या हाडाचे गोल डोके कटीच्या हाडातील खोलगट वाटीत बसलेले असते आणि दोहोंवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. हे अस्तर झिजले किंवा डोक्याचे हाडच ढासळले, म्हणजे प्रत्येक पावलागणिक वेदना होते. गंमत अशी की, ही वेदना पुष्कळदा खुब्यात जाणवतच नाही. ती जांघेत येते, मांडीच्या पुढच्या भागात उतरते आणि कित्येकांना केवळ गुडघ्यात जाणवते, कारण दोन्ही सांध्यांना संवेदना पुरविणाऱ्या मज्जातंतूंत काही समान आहेत. गुडघ्याला महिनोन्महिने तेल चोळून, मलम लावून झाले, गुडघ्याचा एक्स-रे निर्दोष आला, आणि रुग्ण मात्र लंगडतोच आहे, असे आम्ही वारंवार पाहतो. अशा वेळी खुबा तपासून घ्यावा, एवढी एक गोष्ट येथून घरी नेलीत तरी बरेच साधेल.

पाश्चात्त्य देशांत ही शस्त्रक्रिया प्रामुख्याने वयपरत्वे होणाऱ्या झिजेसाठी, साठी-सत्तरी उलटलेल्यांवर होते. आपल्याकडे वयोमानाची झीज गुडघ्याला अधिक गाठते. खुब्यासाठी येणाऱ्यांत तरुण आणि मध्यमवयीन माणसे पुष्कळ असतात. त्यांच्या सांध्याच्या डोक्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन तेथील हाड निर्जीव झालेले असते. अतिरिक्त मद्यपान आणि दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड औषधे ही त्याची दोन ठळक कारणे. कोविडच्या साथीत जीव वाचविण्यासाठी स्टिरॉइड द्यावी लागली. २०२१ साली अशा रुग्णांपैकी काहींत खुब्याचा हा विकार आढळल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी नोंदविले. आपल्या पूर्व विदर्भात तिसरे कारण सिकलसेलचे. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी हाडातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि विशी-तिशीतच खुबा निकामी होतो. याखेरीज मणक्याचा आखडणारा संधिवात, लहानपणी झालेला सांध्याचा क्षय आणि पडून मोडलेले, पण वेळेवर उपचार न झालेले मांडीच्या हाडाचे मानेजवळचे टोक, हीही कारणे आहेत. घरातील वृद्ध माणूस पडल्यावर उठता येत नसेल, पाय आखूड होऊन बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत असेल, तर त्यांना पट्टे बांधून घरी निजवून ठेवू नये. अशा अस्थिभंगावर एक-दोन दिवसांतच शस्त्रक्रिया व्हावी लागते. अंथरुणावर गेलेला प्रत्येक दिवस फुफ्फुसांवर आणि पाठीच्या कातडीवर बेततो.

आज आपण करतो त्या शस्त्रक्रियेचा पाया इंग्लंडमधील राइटिंग्टन येथील रुग्णालयात जॉन चार्नली यांनी घातला. त्यांनी आधी टेफ्लॉनची वाटी वापरली होती. ती थोड्याच वर्षांत झिजली आणि झिजलेल्या कणांनी भोवतालच्या शरीरात दाह निर्माण केला. हा पदार्थ शरीरात कसा वागतो, हे पाहण्यासाठी चार्नली यांनी त्याचे तुकडे स्वतःच्या मांडीत रोवून घेतले होते. अखेर १९६२ साली त्यांनी पॉलिथिलीनची वाटी आणि धातूचे लहान डोके ही जोडी वापरली. ती हाडात घट्ट बसविण्यासाठी जे सिमेंट घेतले, ते दंतवैद्यांच्या वापरातील पदार्थाच्या जातीचे होते. पुढे साहित्यात सुधारणा झाल्या, सिमेंटविना हाडाशी एकजीव होणारे सांधे आले, सिरॅमिकची डोकी आली. मूळ कल्पना तीच राहिली.

असा सांधा किती वर्षे टिकतो, हा प्रत्येक रुग्णाचा प्रश्न असतो. परदेशांतील राष्ट्रीय नोंदवह्यांच्या आधारे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पंचवीस वर्षांनंतरही शंभरांपैकी सुमारे ५८ सांधे टिकून असल्याचे आढळले. सत्तर वर्षांच्या गृहस्थांस याचा अर्थ ‘जन्मभर पुरेल’ असा होतो. पंचवीस वर्षांच्या मुलास मात्र पुढे केव्हातरी दुसरी, अधिक अवघड शस्त्रक्रिया लागण्याचा संभव गृहीत धरावा लागतो, आणि हे त्याला आधीच सांगणे हे आमचे कर्तव्य आहे.

मग शस्त्रक्रिया केव्हा करावी? एक्स-रे वाईट दिसतो म्हणून करू नये आणि वय लहान आहे म्हणून अडवूनही ठेवू नये. रात्रीची झोप मोडत असेल, औषधे व व्यायाम यांनी भागत नसेल, मोजे घालणे, जिना चढणे, पोटापुरते काम करणे अशक्य झाले असेल, तर वेळ आलेली आहे. परंतु त्या आधी रुग्णाने आपल्याला नंतर काय करायचे आहे, हे बोलून दाखवावे. भंडारा जिल्ह्यातील एका शेतमजूर बाईंनी मला पहिला प्रश्न वेदनेविषयी विचारला नाही. धानाची रोवणी करता येईल का, एवढेच त्यांनी विचारले. रोवणी म्हणजे चिखलात पाय रोवून, कमरेतून पूर्ण वाकून तासन्‌तास सरकत राहणे. कृत्रिम सांधा निखळण्यास याहून अनुकूल स्थिती शोधून सापडणार नाही. मी नाही म्हणालो. त्यांच्या घरी रोवणीची मजुरी हा वर्षाच्या कमाईचा मोठा भाग होता, तेव्हा हे उत्तर त्यांना शस्त्रक्रियेहून जड गेले. त्यांनी घरी विचार करण्यास वेळ घेतला, धानाची कापणी उरकू दिली आणि मगच दाखल झाल्या. त्या आता उभ्याने करता येणारी कामे निवडतात. त्यांचा निर्णय कोणता असावा, हे मी ठरवू शकत नव्हतो. त्यांनी तो सर्व ठाऊक असताना घेतला, हे मला महत्त्वाचे वाटते.

आता पूर्वतयारीकडे वळतो. कृत्रिम सांध्याचा मोठा शत्रू जंतुसंसर्ग. धातूवर एकदा जंतूंनी घर केले, की औषधे तेथवर नीट पोहोचत नाहीत आणि पुष्कळदा सांधा काढावा लागतो. असे क्वचित घडते, परंतु ज्याच्या बाबतीत घडते त्याच्या आयुष्याची दोन-तीन वर्षे त्यात जातात. म्हणून आम्ही शस्त्रक्रियेपूर्वी शरीरात दडलेला संसर्ग धुंडाळतो. किडलेले दात, लघवीची जळजळ, पायाच्या बोटांतील चिखल्या, नखुरडे, गळू, खाजवून झालेल्या जखमा या सर्वांचा बंदोबस्त आधी करावा लागतो. खुब्यासाठी आलेल्या माणसाला दंतवैद्याकडे पाठविले, म्हणून काही नातेवाईक रागावतात. त्यांनी रागवावे, पण जाऊन यावे. खुब्यावरील केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत. त्याने सूक्ष्म जखमा होतात.

मधुमेह असल्यास तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी समाधानकारक येईपर्यंत आम्ही तारीख देत नाही. रक्त कमी असल्यास ते औषधाने व आहाराने आधी वाढवितो, म्हणजे बाहेरचे रक्त देण्याची वेळ कमी येते. सिकलसेलच्या रुग्णांची तयारी रक्तविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने वेगळी करावी लागते. त्यांना शस्त्रक्रियेच्या आगेमागे तहान आणि थंडी यांपासून जपावे लागते, कारण पाणी कमी पडले किंवा शरीर गारठले की पेशी अडकण्याचा धोका वाढतो.

तंबाखूविषयी थोडे स्पष्ट बोलतो. आपल्या भागात बिडी सोडलेला माणूस ‘मी आता धूम्रपान करीत नाही’ असे प्रामाणिकपणे सांगतो, आणि त्याच्या खिशात खर्ऱ्याची पुडी असते. निकोटीन धुरातून येवो अथवा गालातून, ते रक्तवाहिन्या आकुंचित करते. जखम उशिरा भरते व संसर्गाचा संभव वाढतो. शस्त्रक्रियेपूर्वी किमान चार आठवडे आणि नंतर जखम पूर्ण भरेपर्यंत बिडी, खर्रा, गुडाखू, मिश्री हे सारे बंद हवे. हे व्रत घरातील इतरांनीही पाळले, तरच रुग्णाच्या हातून पाळले जाते, असा माझा अनुभव आहे.

दुसरी लपविली जाणारी वस्तू म्हणजे सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या. त्यांपैकी कित्येकांत स्टिरॉइड मिसळलेले असते. ते दीर्घकाळ घेतलेल्या शरीराची स्वतःचे तत्सम द्रव्य बनविण्याची शक्ती मंदावते, आणि शस्त्रक्रियेच्या ताणात रक्तदाब अचानक कोसळू शकतो. आम्ही रागावणार नाही. ती पुडी सोबत आणून दाखवावी. रक्त पातळ करणारी, संधिवाताची, मधुमेहाची औषधेही परस्पर बंद करू नयेत; कोणते, किती दिवस आधी थांबवायचे, हे भूलतज्ज्ञ सांगतील.

मांडीचे आणि नितंबाचे स्नायू आवळून धरण्याचे, घोटा वर-खाली हलविण्याचे व्यायाम आधीपासून शिकून घ्यावेत. वॉकर धरून चालणेही आधीच शिकावे. वेदना आणि गुंगी यांच्या अमलाखाली नवी विद्या शिकणे कठीण जाते.

आणि घर. आपली घरे जमिनीवर बसणाऱ्या माणसांची आहेत. जेवण जमिनीवर, चूल जमिनीवर, निजणे चटईवर, शौच उकिडवे बसून. कृत्रिम सांध्याच्या रुग्णास सुरुवातीला यांपैकी काहीच करता येत नाही. बसण्याची जागा त्याच्या गुडघ्यापेक्षा किंचित उंच हवी. खाट खोल असेल, तर पायांखाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. भारतीय पद्धतीच्या संडासावर ठेवण्याची कमोड खुर्ची आधी मिळवून ठेवावी. न्हाणीघराच्या ओल्या शहाबादी फरशीवर रबरी चटई आणि भिंतीला धरण्यास दांडी बसवावी. सतरंज्या, पायपुसणी उचलून टाकावीत, विजेच्या तारा बाजूला कराव्यात. उंबरा विसरला जातो. चार बोटांचा उंबरा आपल्याला दिसतही नाही, परंतु वॉकर त्याला अडतो. दारात बसणारे कुत्रे आणि अंगणातील कोंबड्या यांचीही व्यवस्था करावी. हे ऐकून आपण हसता आहात, पण पडलेल्या माणसाला हसू येत नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवसाविषयी फार सांगण्याजोगे नाही. बहुतेकांना कमरेखालचा भाग बधिर करून भूल दिली जाते. खराब झालेले डोके काढले जाते, वाटी घासून तीत नवी वाटी बसविली जाते, मांडीच्या हाडात दांडा रोवून त्यावर नवे डोके चढविले जाते. बहुतेकांना आम्ही त्याच दिवशी सायंकाळी अथवा दुसऱ्या सकाळी वॉकरच्या आधाराने उभे करतो. नेमक्या याच क्षणी प्रेमळ नातेवाईक आडवे येतात. ‘कालच ऑपरेशन झाले, चार दिवस आराम करू द्या’ ही विनवणी मी शेकडो वेळा ऐकली आहे. पडून राहिलेल्या पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होते आणि ती सुटून फुफ्फुसात गेली, तर जीव जाऊ शकतो. त्यासाठी महिनाभर गोळ्या किंवा इंजेक्शने दिली जातात, परंतु हालचालीला पर्याय नाही. याच कारणासाठी शस्त्रक्रियेनंतर पायाचे मालीश करवून घेऊ नये. हाडवैद्याला बोलावून सांधा ‘मोकळा’ करविणे तर सर्वथा टाळावे. त्याने बसविलेला सांधा निखळतो.

पहिल्या दोन-तीन महिन्यांचे नियम असे, की बसताना मांडी व धड यांत काटकोनाहून कमी कोन होऊ देऊ नये, पायावर पाय टाकू नये, आणि पाऊल आतल्या बाजूस वळवू नये. कुशीवर निजताना दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये जाड उशी ठेवावी. पडलेली वस्तू वाकून उचलू नये. मागील बाजूने सांधा उघडला असेल, तर तेथील आवरण भरून येण्यास हा काळ लागतो. अलीकडे अनेक केंद्रांनी हे नियम सैल केले आहेत, आणि पुढील बाजूने केलेल्या शस्त्रक्रियेत ते काहीसे निराळे असतात. तथापि ज्या देशांत माणसे खुर्चीवरच बसतात, तेथील सवलत मांडी घालून जेवणाऱ्या आपल्या रुग्णांस सरसकट लागू करणे मला पटत नाही. मांडी घालणे आणि उकिडवे बसणे पुढेही टाळावे, असेच आम्ही बहुतेकांना सांगतो. पूजेला, पंगतीला, मशिदीत वा विहारात खुर्चीवर बसण्यात कोणताही उणेपणा नाही.

काठी कोणत्या हातात धरावी, याविषयी सर्वत्र गैरसमज आहे. उजवा खुबा दुखतो म्हणून काठी उजव्या हातात, असे जो तो करतो. प्रत्यक्षात ती विरुद्ध हातात हवी. चालताना एका पायावर भार येतो, तेव्हा शरीर दुसऱ्या बाजूला कलंडू पाहते, आणि ते सावरण्यासाठी खुब्याच्या बाजूचे स्नायू जोराने ओढतात. शरीराचा भार आणि ही ओढ मिळून खुब्यावर वजनाच्या अडीच ते तीनपट दाब पडतो. साठ किलोच्या माणसाच्या खुब्यावर प्रत्येक पावलाला दीडशे किलोहून अधिक! विरुद्ध हातातील काठी कलंडणारी बाजू उचलून धरते. तराजूच्या लांब दांडीच्या टोकाशी थोडे वजन पुरते, तसा हा प्रकार आहे. काठीवर थोडासा जोर दिला, तरी खुब्यावरील दाब पुष्कळ कमी होतो. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आणि काठी आधी.

साधारण सहा आठवड्यांनी बहुतेकजण वॉकर सोडून काठीवर येतात आणि तीन महिन्यांनी पुष्कळांची काठीही सुटते. लंगडणे त्याहून सावकाश जाते, कारण वर्षानुवर्षे दुबळे झालेले स्नायू एका दिवसात भरत नाहीत. सुरुवातीला पाय लांब झाल्यासारखा वाटतो. बहुधा ते पूर्वी आखडलेल्या सांध्याचे परिणाम असतात व हळूहळू ओसरतात. चालणे, पोहणे, काही काळाने सायकल चालविणे हितकारक. धावणे आणि जड ओझी उचलणे टाळावे. पती-पत्नीच्या सहजीवनाविषयी कोणी विचारीत नाही, म्हणून मीच सांगतो, की साधारण दीड-दोन महिन्यांनंतर, सांध्याची दिशा सांभाळून ते सुरू करण्यास हरकत नसते. संकोच वाटल्यास आमच्या भौतिकोपचारतज्ज्ञ भगिनी खासगीत समजावून सांगतात.

काही लक्षणे दिसताच मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. पोटरीला एकाएकी सूज किंवा दुखणे, धाप लागणे वा छातीत दुखणे, जखमेतून पाणी अथवा पू येणे, थंडी वाजून ताप, किंवा अचानक तीव्र कळ येऊन पाय आखूड व वळलेला दिसणे. अशा वेळी जखमेवर हळद वा अन्य काही लावीत न बसता थेट रुग्णालयात यावे.

शेवटी खर्चाविषयी बोलणे प्राप्त आहे. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर केंद्र शासनाने २०१७ साली मर्यादा घातली. ती मर्यादा खुब्याच्या सांध्यांस नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिलेल्या योजनेनुसार आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयात दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखीव असतात, आणि बिलांच्या रकमेतील दोन टक्के वाटा निर्धन रुग्ण निधीत जमा होतो. कृत्रिम सांध्याची खरेदी किंमत त्या निधीतून भागवावी लागते, आणि तेथेच तो अपुरा पडतो. समाजसेवा विभागाकडे उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका घेऊन आधी यावे. दाखल झाल्यावर धावपळ करू नये.

काही देणगीदारांनी या शस्त्रक्रियेसाठी यंत्रमानवाचे साहाय्य देणारे उपकरण घेण्याविषयी आस्थेने विचारणा केली आहे. ते उपकरण उपयुक्त आहे. तथापि माझे प्रांजळ मत असे, की तूर्त आपल्याला कमोड खुर्च्या, वॉकर आणि उंच खुर्च्या यांची, अनामत ठेवून परत करण्याच्या बोलीने घरी नेता येईल अशी पेढी हवी आहे, आणि गावोगावी जाऊन घरे पाहणारा एक भौतिकोपचारतज्ज्ञ हवा आहे. उपकरणावर दात्याच्या नावाची पाटी शोभून दिसेल, कमोड खुर्चीवर ती लावता येणार नाही, याची मला कल्पना आहे.

घरी जाताना मिळणाऱ्या कागदांवर आपल्या सांध्याचा प्रकार, आकार आणि क्रमांक असलेली चिकटपट्टी असते. ती एक्स-रेसोबत जपून ठेवावी. २०१० साली धातूवर धातू घासणारा एक सांधा जगभरातून परत मागविण्यात आला, तेव्हा आपल्या शरीरात कोणता सांधा आहे, हे सांगण्यास त्या पट्टीइतका सोपा पुरावा दुसरा नव्हता.

शस्त्रक्रिया ठरलेल्या रुग्णांसाठी आमचा विभाग पूर्वतयारीचा वर्ग घेतो. त्यास रुग्णाने एकट्याने येऊ नये. नंतर घरी जी व्यक्ती सोबत असणार आहे, मग ती सून असो, मुलगा असो की शेजारीण, तिला आणावे. येताना तीन मापे लिहून आणावीत. खाटेची उंची, संडासाच्या दाराची रुंदी आणि उंबऱ्याची उंची. आता आपल्या शंका असतील, त्या विचाराव्यात.